आधी चूक काढा

उन्हाळ्यात सूर्यमाळच्या बाजूच्या पाड्यांवर पोलिसाने पाणी मागायचं नाही, हा आमच्या हवालदारांचा कायदा होता. कोणत्या पुस्तकातलं कलम, असं विचारलं तर म्हणायचे, "माझ्या." त्यांच्या खांद्याला गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन असायचा, सुतळीने बांधलेला आणि पाण्याने भरलेला. चढण चढून पाड्यात पोचले की पहिल्या घराच्या पडवीत खुंटीला टोपी अडकवायची, कॅन पुढे करायचा आणि घरातल्या बाईला म्हणायचं, "घ्या वहिनी, जव्हारचं पाणी आहे. गोड लागतंय का बघा."

वर्दीतला माणूस दारू धरायला येतो, माणूस उचलायला येतो, हे त्या बाईला ठाऊक. पाणी पाजायला येतो हे तिच्या गावीही नसायचं. पहिल्या खेपेला ती आत पळायची. दुसऱ्या खेपेला दारात उभी राहायची. तिसऱ्या खेपेला घोटभर पिऊन तोंड वाकडं करायची, "यात दवाई घातलीय. आमचं ओढ्यातल्या डवऱ्याचं बरं." हवालदारांचा चेहरा खुलायचा. उतरताना मला म्हणायचे, "बघ रायटर, नावं ठेवायला लागली. आता आपलं जमणार."

मी त्यांचा रायटर, म्हणजे चौकीतलं लिहायचं काम माझ्याकडे. जव्हारच्या बाजारपेठेत वडिलांचं शिलाईचं दुकान होतं, अक्षर चांगलं होतं, आणि बोलणं कमी. या तीन गोष्टींवर माझी नोकरी चालली. मोखाड्याच्या घाटरस्त्यावर आमची ती चौकी होती. दोन खोल्या, पुढे झेंड्याचा खांब, मागे करवंदाची जाळी. हवालदार तिथे बदलून आले तेव्हा मला तिथे बरीच वर्षं झाली होती. ही वर्षं का झाली होती आणि मी बदली का मागत नव्हतो, ते पुढे सांगतो. सांगायचंच आहे.

माणूस ताडमाड, चष्म्याला दोरा, आवाज असा की चौकीत खाकरले तर वळणावरची एसटी थांबेल. या आवाजाने ते दिसेल ते मोठ्याने वाचत. बिस्किटाच्या पुड्यामागचं बारीक छापलेलं वाचत. तापाच्या गोळ्यांच्या कागदावरचं वाचत. जव्हारच्या हॉटेलात भिंतीवरचे सगळे पदार्थ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढत, नि मालक आशेने पेन्सिल घेऊन उभा राहिला की सांगत, "एक चहा."

पण खरी गंमत फिर्यादीच्या वेळी. आपल्याकडे कागदाच्या शेवटी एक ओळ असते. "वाचून दाखविले, सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे." ही ओळ मी हजारदा लिहिली असेल. लिहिताना हाताला कळायचंही नाही. हवालदार मात्र ती ओळ खरी धरून चालत. कागद घेऊन अंगणात उभे राहत, सगळा पाडा गोळा करत आणि वाचत. वाचता वाचता मध्येच एक धडधडीत खोटं घालत. कागदावर ते नसायचं, फक्त तोंडाने. ते कोणी धरलं तर अंगठा घ्यायचा. नाही धरलं तर कागदाची घडी खिशात, आणि "उद्या येतो."

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं. एका म्हाताऱ्याची गाय कुणीतरी हाकलून नेली होती. हवालदार वाचतायत, "गाय रंगाने तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका, दोन्ही शिंगं सोन्याने मढवलेली..." म्हातारा मान डोलावतोय. पोलीस वाचतोय म्हटल्यावर मान डोलवायची, एवढंच त्याला आयुष्याने शिकवलेलं. हवालदारांनी वाचणं थांबवलं. "बाबा, शिंगं सोन्याची?"

"तू म्हणतोस त हायेत," म्हातारा म्हणाला.

हवालदार त्याच्यासमोर उकिडवे बसले. "बाबा, गाय कोणाची?"

"माझी."

"मग शिंगं मला काय विचारतोस? तू सांग, मी लिहितो. मी चुकलो तर माझ्या कानाखाली वाजवायची."

म्हातारा पहिल्यांदा हसला. म्हणाला, "सोनं नाय. एक शिंग त मोडलेलं हाये."

"लिही रे रायटर, एक शिंग मोडलेलं." मग माझ्याकडे वळून हळूच, "बघ. हे त्याने आधी सांगितलंच नव्हतं. गाय याच शिंगावरून सापडेल." तशीच सापडली.

एका बकरीच्या फिर्यादीपायी ते तीनदा डोंगर चढले. दोन दिवस कोणी खोटं धरीना. तिसऱ्या दिवशी "बकरी बारा अंडी घालून निघून गेली" असं वाचलं तेव्हा एक बाई पोट धरून खाली बसली आणि ओरडली, "आंडी घालायला ती कोंबडी हाये कं?" त्या दिवसापासून पाड्यापाड्यात बातमी पसरली. हवालदार कागद वाचणार म्हटलं की माणसं हातातलं काम टाकून यायची. बाया पुढे बसायच्या. पहिलं खोटं कोण धरतंय याची चढाओढ लागायची. मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. ज्या वाडीत जीपचा आवाज आला की माणसं रानात पळायची, तिथे वर्षभरात माणसं पोलिसाच्या अंगावर ओरडायला लागली, "ए हवालदार, हे खोटं!" आणि हवालदारांना याहून मोठं सुख नव्हतं.

साहेबांना नव्हतं आवडत. तरुण साहेब, नवीन आलेले. एकदा म्हणाले, "हवालदार, हा सरकारी कागद आहे, तमाशा नाही. आणि आता झडतीचं मोबाईलवर शूटिंग करायचंच असतं. वाचत कशाला बसता?"

"मोबाईल चांगलाय साहेब," हवालदार म्हणाले. "दिसतं ते सगळं घेतो. फक्त समोरच्याला कळलं का, हे विचारायचं विसरतो."

ही खोड कुठून लागली, हे मी दोनतीनदा विचारलं. एकदा म्हणाले, आजी बहिरी होती. एकदा म्हणाले, "लग्न ठरवताना बापाने चिठ्ठी वाचलीच नाही, त्यामुळे धाकटीऐवजी थोरली गळ्यात पडली. पण पडली ते बरं झालं." तिसऱ्यांदा म्हणाले, "तू फार विचारतोस." खरं कारण आजतागायत मला माहीत नाही.

असं सगळं जमत असताना एक पाडा काही केल्या जमेना. सूर्यमाळच्या पल्याड, उतारावर विखुरलेली वीसेक घरं. तिथली माणसं कॅनमधलं पाणी पीत, हसत, खोटंसुद्धा धरत. पण अंगठ्याचं नाव काढलं की उठून जात. देवजी नावाचा एक माणूस तर वर्दी दिसली की उजव्या हाताची मूठ मिटून घ्यायचा. हवालदार दोन तास त्याच्या अंगणात बसले तरी मूठ सुटायची नाही. डाव्या हाताने विडी प्यायचा.

"या माणसाच्या अंगठ्याला काय झालंय?" उतरताना हवालदारांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "लागलं असेल काही."

मला माहीत होतं. त्याच्या अंगठ्याला मी लागलो होतो.

आता सांगतो. हवालदार यायच्या किती तरी आधीची गोष्ट. मी नोकरीत कोवळा. त्या पाड्याच्या विहिरीवरची पाण्याची मोटर चोरीला गेली. भर उन्हाळा, वरून फोनावर फोन. त्या वेळच्या साहेबांना कोणीतरी सांगितलं की देवजीचा धाकटा भाऊ लहानू ठाण्याकडे मजुरीला जातो, भंगारवाल्यांना ओळखतो. एवढ्यावर लहानूला उचलला. विहिरीच्या काठावर मोटरीची तुटकी तार पडली होती, ती मी उचलून आणलेली. साहेब मला म्हणाले, "ही तार त्याच्या घरात बसव." बस, एवढंच म्हणाले. पंच म्हणून रस्त्यात जे दोघे भेटले त्यांना जीपमध्ये घालून चौकीवर आणलं. कोरे कागद पुढे सरकवले. "पाण्याच्या मोटरीचं काम आहे, अंगठा दे." त्यांनी दिले. त्यातला एक देवजी. सख्खा भाऊ! पण पाड्यात सगळ्यांचं आडनाव एकच, त्यामुळे कागदावर ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मीही विचारलं नाही.

मग मी निवांत बसून पंचनामा लिहिला. लहानूच्या घराची झडती घेतली, धान्याच्या कणगीच्या मागे टोपलीखाली तांब्याची तार मिळाली, पंचांनी समक्ष पाहिली. शेवटी ती ओळ. वाचून दाखविले, बरोबर आहे. साहेबांचं नाव पुढे करून मी किती वर्षं स्वतःला समजावलं. पण कणगी साहेबांनी सांगितली नव्हती. टोपलीही नाही. ती मी घातली. वाक्य चांगलं दिसावं म्हणून.

लहानू सात महिने आत होता. खरी मोटर दुसऱ्याच तालुक्यात, दुसऱ्याच टोळीकडे सापडली तेव्हा सुटला. पण आत असताना कोणीतरी त्याला कागदावरची नावं सांगितली होती. तुझ्या घरात तार मिळाली म्हणून तुझ्याच भावाने अंगठा दिलाय. घरी आल्यावर त्याने देवजीला विचारलं. देवजी म्हणाला, कागद कोरा होता. कोणी विश्वास ठेवला नाही. कोऱ्या कागदावर कोण अंगठा देईल? मोटर गेल्यावर उन्हाळाभर पाड्याच्या बाया दरीतून पाणी आणत होत्या, त्यांचाही राग, हा पोलिसांना मिळालेला म्हणून, देवजीवरच निघाला. दोन घरांच्या मध्ये एक आंब्याचं झाड होतं फक्त. त्या दिवसापासून ते दोन मुलूख झाले.

मी बदली मागितली नाही, कारण दुसरीकडे गेलो तर हे विसरेन अशी भीती वाटायची. आणि बोललोही नाही, कारण बोलायची भीती त्याहून मोठी होती.

हवालदारांनी एक दिवस जुनी दप्तरं सोडली. धुळीने शिंकत होते आणि मोठ्याने वाचत होते, नेहमीसारखं. मग वाचणं थांबलं. हा माणूस मनातल्या मनात वाचतोय, हे मी पहिल्यांदा बघितलं. पंचनाम्याची नक्कल माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "अक्षर सुरेख आहे."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "यात खोटं कुठे आहे?"

"सगळंच," मी म्हणालो.

"मग वर जाऊन वाचून दाखव. शेवटी लिहिलंयस ना, वाचून दाखविले."

मी नाही म्हणालो. नोकरी जाईल म्हणालो, बायको-मुलं आहेत म्हणालो. त्यांनी वाद घातला नाही. रोज सकाळी मात्र कॅन भरताना विचारायचे, "येतोस वर?" मी रोज नाही म्हणायचो. असे दोन महिने गेले असतील.

मग एक दिवस ते वरून आले. घाम पुसून म्हणाले, "देवजीच्या पोरीचं लग्न आहे परवा. उद्या मांडव. लहानू पाऊल ठेवणार नाही म्हणतो. पोर रडतेय, काका नसेल तर मांडवाला हात कोण लावणार म्हणून. रायटर, तुझ्या टोपलीखाली एक लग्न अडकलंय बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या मागून चढलो. कॅन मी घेतला होता.

देवजीच्या अंगणात मांडवाचं काम चाललं होतं. कोणी बांबू आणले होते, कोणी आंब्याचे टहाळे. लहानूचं घर बंद होतं. हवालदार थेट तिकडे गेले, दारावर थाप मारली. "लहानू, तुझ्या केसचा कागद आणलाय. वाचायचाय. पटलं नाही तर शिव्या दे, पण ऐक." लहानू बाहेर आला. झाडाच्या पलीकडे, आपल्या हद्दीत, हाताची घडी घालून उभा राहिला.

हवालदार अंगणाच्या मधोमध गेले. "मंडळी, आज मी नाही वाचणार. आज रायटर वाचणार. आजच्या कागदात खोटं किती आहे ते मी सांगणार नाही. आधी चूक काढा."

बाया पुढे सरकून बसल्या. लग्नघर, सगळे खुशीत होते. मी वाचायला सुरुवात केली. माझा आवाज मलाच ऐकू येईना. "मोठ्याने!" एक बाई ओरडली. मी मोठ्याने वाचलं. तारीख, वार, मोटर. हळूहळू कळायला लागलं तसे हसणारे चेहरे गप्प झाले. देवजी खांबाजवळ उभा होता, मूठ मिटून. "...सदर लहानू याच्या राहत्या घरात कणगीच्या मागे टोपलीखाली..."

"थांब," देवजीची बायको म्हणाली. हातातला विळा तिने खाली ठेवला. "कणगी? लहानूच्या घरात कणगी कठं होती?"

मी थांबलो.

"वाटण्या झाल्या तवा कणगी आमच्याकडं आली. ही बघ अठं, अजून हाये. याच्याकडं कणगी नव्हती म्हणून त त्याची बायको वर्षभर माना टोमणे मारत होती! जी कणगी नाय तिच्या मागं तार कशी मिळाली?"

एवढी वर्षं तो कागद पाड्याच्या उरावर बसला होता आणि एकदाही कोणी त्यांना वाचून दाखवला नव्हता. वाचला असता तर ही बाई पहिल्याच दिवशी बोलली असती. शहरात वाढलेल्या माझ्यासारख्याला वाटलं, पाड्यातलं घर म्हणजे कणगी असणारच. त्या एका शब्दावर माझं सगळं सुरेख अक्षर उताणं पडलं.

मी कागद खाली केला. म्हणालो, "खोटं धरलंत. कणगी मी लिहिली. टोपली मी लिहिली. तार विहिरीवर पडली होती, मीच उचलली. देवजीने अंगठा दिला तेव्हा कागद कोरा होता. मी दिला होता तो कोरा कागद. देवजी खरं बोलत होता."

आयुष्यात एका दमात मी इतकं कधी बोललो नव्हतो.

लहानू झाड ओलांडून आला. सरळ माझ्यासमोर. मला वाटलं, आता कानाखाली बसणार, आणि बसावी असंही वाटलं. तो म्हणाला, "माझे सात महिने तू घेतलेस. त्याचं नंतर बघू." आणि वळला. देवजीकडे गेला. दोघे भाऊ हातभर अंतरावर. शेवटी लहानूने मांडवाच्या खांबावर हात ठेवला, हलवून बघितला.

"हा वाकडा लावलाय," तो म्हणाला.

"तू नव्हतास," देवजी म्हणाला.

"पहार कठं हाये?"

देवजीने पहार दिली. उजव्या हाताने दिली. देवजीची बायको रडत होती आणि रडता रडताच बोलत होती, "आला मोठा! इतकी वर्षं वाकडेच खांब लावले आमी, तवा नाय दिसले!" मग जे हसू फुटलं ते डोंगरावरून खाली घरंगळत गेलं असेल. कोणीतरी संबळ बडवायला घेतला. नवरी पोर धावत येऊन काकाच्या पाठीला चिकटली. हवालदार आंब्याच्या सावलीत बसून चष्मा पुसत होते, उगाच, परत परत.

मी चौकीवर येऊन सगळं लिहून काढलं आणि वर पाठवलं. चौकशी झाली, शिक्षा झाली. नोकरी राहिली. शिक्षा थोडी होती असं मला अजून वाटतं. लहानूने म्हटलेलं "नंतर बघू" तर बाकीच होतं.

ते "नंतर" पाऊस सरल्यावर आलं. हवालदारांच्या निवृत्तीला पंधरवडा राहिला होता. दुपारी बाहेर गलका ऐकू आला म्हणून बघितलं तर रस्त्याने तोच पाडा चालत येतोय. देवजी, लहानू, त्यांच्या बायका, आणखी दहाबारा माणसं. त्या पाड्यातून आपल्या पायांनी चौकीत आलेलं माणूस मी एवढ्या वर्षांत पाहिलं नव्हतं. लहानू पुढे होता. वीटभट्टीच्या मुकादमाने पाड्यातल्या चौघांची आधारकार्डं काढून घेतली होती, भट्टीवर आलात तरच देईन म्हणत होता. फिर्याद द्यायची होती.

हवालदारांनी खुर्ची पुढे केली. "बस. मी लिहितो."

"तू नको," लहानू म्हणाला आणि बोट माझ्याकडे केलं. "हा लिहील. माझे सात महिने याच्याकडं हायेत. यानंच लिहायचं."

हवालदार उठले आणि बाहेर झेंड्याच्या खांबाला टेकून उभे राहिले. मी लिहिलं. मग उभा राहून वाचलं. लहानूने चार चुका काढल्या. मुकादमाचं गाव चुकलं होतं, एका बाईचं नाव, एक वार, एक वाट. मी चारही दुरुस्त केल्या. परत वाचलं.

"आता खोटं सांग," लहानू म्हणाला. "कठं घातलंस?"

"नाही घातलं."

त्याचा विश्वास बसेना. "परत वाच." मी परत वाचलं. देवजी डोळे मिटून ऐकत होता. बाया पुटपुटत एकेक शब्द तपासत होत्या. देवजीच्या बायकोने मला एका वाक्यापाशी तीनदा थांबवलं. कोणाला काही सापडेना. लहानू दारात गेला आणि बाहेर बघून ओरडला, "ए हवालदार! याच्या कागदात खोटंच नाय!"

"नीट बघितलंस?" बाहेरून तो आवाज आला.

"सगळ्यांनी बघितलं."

आधारकार्डं आठ दिवसांत परत आली. मुकादम स्वतः घेऊन आला. पण त्या दुपारचं मला आठवतं ते एवढंच. लहानूने शाईचा डबा बाजूला सारला, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि देवजीच्या पोरांनी शिकवलेली, ल जरा लांब काढलेली, सही केली. मग पेन देवजीकडे दिलं. "साक्षीला तू," म्हणाला. आणि देवजीने आपला अंगठा पुढे केला, पण आधी माझ्याकडे बघून म्हणाला, "आणखी एकदा वाच."

मी वाचलं. आनंदाने वाचलं.